भागीरथीची मुलगी

शिरोडा
१७ फेब्रुवारी २०२५

ताई,

पत्ता रोझारियोकाकांकडून घेतला. पाव बांधायच्या कागदावर त्यांनी तो लिहून दिला आणि कशाला हवाय म्हणून विचारलं नाही. सासरा म्हणून तुझ्या वाट्याला माणूस बरा आला आहे, एवढं या निमित्ताने नोंदवते.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर आधी तू गप्प बसशील, मग मी बसेन, आणि दोघींना वाटेल की रेंज गेली.

काम एकच आहे. भाईंच्या काजू कारखान्यात, सोलणीच्या खोलीत, तू बायकांना भागीरथीचं जे पुस्तक वाचून दाखवायचीस ते तुझ्याकडेच असणार. त्याची शेवटची प्रकरणं बघून मला एक गोष्ट कळव. कोणती ते खाली लिहिते.

त्या पुस्तकाचा सिनेमा आला आहे. वालावलच्या खाडीत शूटिंग झालं तेव्हापासून सोलणीत दुसरा विषय नव्हता. काल भाईंनी टेम्पो दिला आणि सगळ्या जणी सावंतवाडीला गेल्या. रविवार होता, मला सुट्टी होती, आईने ‘चल’ म्हटलं म्हणून मीही गेले. आई सिनेमाला स्वतःहून निघाली हेच मला नवीन होतं.

लिंडा मावशी माझ्या शेजारी होती. आता ती तुझी आतेसासू, पण इथे अजून मावशीच आहे. मध्यंतर व्हायच्या आधीच तिची चुळबुळ सुरू झाली.

“शालन खंय गो?”

“येतली. अजून ल्हान असतली,” मागून कोणीतरी म्हणालं.

“ल्हान कसली? भागीच्या झिलाक मिशये फुटले!”

पुढच्या रांगेतला एक माणूस वळून म्हणाला, “मावशे, जरा गप बसा.”

“तू बघ रे तुझो शिनेमा. आमका आमचा माणूस गावना नाय.”

ते माणूस शेवटपर्यंत सापडलं नाही. पूल झाला, भागीरथीने होडी ओढून घरामागे लावली, गाणं लागलं, दिवे लागले. भागीरथीला मुलगीच नव्हती. पलीकडच्या तीरावर लग्न करून गेलेली शालन नाही, रोज माणसं त्या तीरावर पोचवून स्वतः तिथे पाय न ठेवणारी आई नाही, आणि एका संध्याकाळी होडी तिकडेच बांधून ती शालनच्या दाराशी जाऊन उभी राहते तेही नाही.

टेम्पोत दंगा झाला. “पैशे परत मागूक व्हये होते.” “ह्येंनी पुस्तक वाचल्यानी तरी काय?” लिंडा मावशीचं म्हणणं सगळ्यात मोठं होतं: “शालन नाय तर ती बाय दोन तास रडता कोणासाठी? होडयेसाठी?”

आई कोपऱ्यात बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “कापल्यानी.”

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

“शिनेमात सगळा खंय मावता? कापल्यानी ता.”

आई इतकं कमी बोलते की बोलली की लोक मान्यच करतात. मळगावपर्यंत सिनेमावाल्यांना शिव्या घालून झाल्या, आणि मग विषय माशांच्या भावावर गेला.

तर माझा प्रश्न. तू वाचलंस त्यातलं मला दारापर्यंतच आठवतं. भागीरथी दाराशी उभी आहे, आत कंदील आहे, तिने कडी वाजवली आहे. त्यानंतर तू वाचलंच नाहीस. दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस आणि पुस्तकही नव्हतं. शालन दार उघडते का?

आईने विचारायला सांगितलेलं नाही. ती काल घरी आल्यावर जेवली नाही. भूक नाही म्हणाली, एवढंच.

अनुजा


शिरोडा
२ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. त्याची वाट न बघता मी पुस्तक विकत आणलं. सिनेमामुळे नवी आवृत्ती निघाली आहे, मुखपृष्ठावर ती नटी होडीत उभी आहे आणि वल्हं उलटं धरलं आहे. कुडाळला कंपनीतून सुटल्यावर घेतलं. मी तिथे एमआयडीसीत तपासणी विभागात आहे, हे तुला लिंडा मावशीकडून कळलं असेलच. यंत्राचा भाग मापात बसला की पुढे, नाही बसला की परत. काम मला आवडतं. वाद होत नाहीत.

तू आम्हाला नियम घातला होतास: आधी पुस्तक, मग सिनेमा, नाहीतर सगळ्यांना नटांचेच चेहरे चिकटतात. मी उलट केलं आणि तू म्हणायचीस तसंच झालं. वाचताना भागीरथी म्हणजे तीच नटी, खोत म्हणजे तोच जाड भुवयांचा माणूस. मी शालनची वाट बघत होते. तिला अजून कोणाचा चेहरा मिळालेला नव्हता.

ती आलीच नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी पेन्सिल घेऊन. नवीन आवृत्तीत काही गाळलं असेल म्हणून सुरुवातीचं पानही तपासलं. मूळ पुस्तक जसंच्या तसं छापलं आहे असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भागीरथीला एक मुलगा, दिनकर. मुलगी नाही, गर्भातसुद्धा नाही. पलीकडच्या तीरावर पाय न ठेवण्याची गोष्टही नाही. दुसऱ्याच प्रकरणात ती तिकडे उतरून चहा पिते आणि चहा पाणचट आहे म्हणून भांडते.

म्हणजे सिनेमावाल्यांनी काही कापलेलं नाही. शालन तुझी होती.

हे कळल्यावर मी पुस्तक मिटलं आणि मला ती खोली आठवली. मी एरवी मागचं उगाळत बसत नाही, पण हे आपोआप झालं. भाजलेल्या बियांचा तो उग्र वास, जो आंघोळीनंतरही केसांत राहायचा. खिडकीतून सुपांवर पडणारं ऊन. रेडिओ बिघडला म्हणून भाई हताश होऊन म्हणाले होते, “कोणीतरी बोला गो, नायतर ह्यो बायको भांडतले.” कॉलेज संपून तू आईच्या हाताखाली बसायला लागली होतीस. तू पिशवीतून वाचनालयाचं पुस्तक काढलंस. चाकूंचा आवाज हळूहळू एका लयीत आला.

मजुरी सोललेल्या गरांच्या वजनावर, आणि वाचणाऱ्या बाईचे हात रिकामे. त्यावर त्यांनी कोणाला न विचारता तोड काढली. उठताना प्रत्येकीने आपल्या सुपातले मूठभर गर तुझ्या सुपात टाकायचे. लिंडा मावशी टाकताना न चुकता म्हणायची, “घे गो वाचणारे. पाणी पी, नायतर भागीचो घसो सुकतलो.” तू छापील मराठीत वाचायचीस, मध्येच थांबून मालवणीत समजावायचीस, आणि दोन्हींच्या मध्ये नेमकं काय घडत होतं ते आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही. मी कोपऱ्यात डिप्लोमाचा अभ्यास करायचे असं सगळ्यांना वाटायचं. त्या सहामाहीत माझे गुण का घसरले ते आज सांगायला हरकत नाही.

आता एक पडताळणी. शालन गोष्टीत कधी आली ते मी आठवून बघितलं. गणपती झाले होते. रोझारियोकाकांच्या बेकरीचा पाव आपल्या वाडीत सायकलवाला आणायचा, तो बंद होऊन त्यांचा ॲल्स्टन स्वतः आणायला लागला, त्याच सुमारास. आधी शालन नुसती पाणी भरत होती. मग पलीकडच्या तीरावरचा एक मुलगा होडीत बसला. मग दोघं बोलायला लागली. त्याचा धर्म तू कधी सांगितला नाहीस, फक्त ‘पलीकडचा’ म्हणालीस. लग्न झालं तेव्हा आख्खी सोलणी भागीरथीवर चिडली होती. “आवस मा ती? जाय ना मेली, चेडू वाट बघता!” आणि आई, मान खाली, चाकू चालू, म्हणाली होती, “जातली. तिका वेळ लागता.”

ते ऐकून तू किती आनंदाने पुढचं वाचलंस ते मला आठवतं. मला वाटलं, तुला पुस्तक आवडलंय.

मग शिमगा आला. तू घरी आईला खरंच सांगितलंस. त्या संध्याकाळी आई तुला काय म्हणाली ते मी पडवीतून ऐकलं. ते इथे लिहीत नाही. तू पिशवी घेऊन गेलीस, माझ्याशी न बोलता. तेही लिहीत नाही.

त्यानंतर नऊ वर्षं सोलणीत काय चालतं ते तुला माहीत नसेल. आई आणि लिंडा मावशी अजून शेजारी शेजारी बसतात. तुझं नाव एकदाही निघालेलं नाही. लिंडा मावशी फक्त समोरच्या भिंतीला बातम्या सांगते. “आमच्या ॲल्स्टनान नोकरी बदलल्यान हां.” “सियाक दात इले, दोन, खालचे.” “सिया बालवाडीत गेली, रडाक नाय.” भिंत काही बोलत नाही. आईचा चाकू थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. बाबा असते तर कदाचित मध्ये पडले असते. त्यांच्या फोटोला तेवढंच जमतं जेवढं भिंतीला.

माझी अडचण अशी आहे. नवीन पुस्तक आईने माझ्या टेबलावर बघितलं आहे. ती हात लावत नाही, पण तिथून जाताना तिची नजर तिकडे जाते. एक दिवस ती म्हणेल, दाराचं वाच. आणि त्यात दार नाही. तिला वाटतं सिनेमाने कापलं. ते मुळात नव्हतंच, तिची मुलगी तिच्या शेजारी बसून तिलाच गोष्ट रचून सांगत होती, हे मी तिला सांगू का? मला थापा मारता येत नाहीत. सवय नाही.

काय करू ते कळव. आणि शालनने दार उघडलं का, तेही. आता ते तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

अनुजा

वाचनालयाच्या पुस्तकाबद्दल मी काही विचारत नाही. ते लोक अजून विचारतात.


शिरोडा
१७ मार्च

ताई,

तुझं पाकीट गुरुवारी आलं. मी कामावर होते. आईने पोस्टमनकडून घेतलं, पत्त्याचं अक्षर बघितलं आणि टीव्हीवर ठेवून दिलं. फोडलं नाही. मी आले तेव्हा ती त्या बंद टीव्हीसमोर बसली होती.

मी तिच्यासमोरच फोडलं. एवढ्या मोठ्या कागदावर तू एकच ओळ लिहिलीस: आईला सांगू नकोस.

“काय लिवल्यान?” आईने विचारलं.

मी तुला आधीच कळवलं होतं की मला सवय नाही. मी म्हटलं, “तुला सांगू नको, असं लिहिलंय.”

आई हसली. ताई, खरोखर हसली, पदर तोंडाला लावून. “तुझ्याकडे कोण काय सांगात गो बाय,” म्हणाली. मग पदर खाली घेतला आणि म्हणाली, “शालन पुस्तकात नाय, ताच मा?”

मी काही बोलले नाही. मला वाटतं तेवढं तरी मला तुझ्यासाठी करता आलं. पण तिने थांबायचं कारण नव्हतं.

“माका म्हायत आसा. तेव्हापासना म्हायत आसा.”

“कसं?”

“पानां. भागीचा वाचताना ती पानां परती होती. शालनीचा इला काय पान परती नाय. अर्धो अर्धो तास एकाच पानार. इतक्या एका पानार मावता काय?”

नऊ वर्षं मी समजत होते की त्या खोलीत नीट बघणारी मी एकटीच होते. मी अभ्यासाच्या वहीआडून तुझं तोंड बघत होते. आई मान खाली घालून तुझा हात बघत होती.

मी विचारलं, “मग त्या दिवशी टेम्पोत कापल्यानी म्हणून का सांगितलंस?”

“मगे काय सांगू? माझ्या चेडवान खोटा वाचल्यान म्हणान सांगू? त्या लिंडाच्या तोंडार?”

“तिने खोटं वाचलं याचा राग नाही आला तुला?”

 त्यावर आई जे बोलली ते मी लगेच लिहून ठेवलं. आठवणीत आपण शब्द बदलतो आणि हे शब्द बदलायला नकोत, म्हणून इथे तसेच देते. “ती माका सांगा होती. सगळ्यांक नाय, माकाच. मी आयकत होतंय. रोज वाटा, आज घराकडे गेल्यार आपणच ईषय काढूया. काढूक नाय. गोष्टीत आयकाक बरा वाटा. मगे तिना तोंडान सांगल्यान आणि माझ्या तोंडातसून ता भायर पडला.”

‘ता’ म्हणजे काय ते तिने म्हटलं नाही. आपल्या तिघींनाही माहीत आहे.

मी म्हटलं, दाराचं काय झालं ते ताईला पत्रातून विचारलं आहे, पण त्याचं उत्तर तिने दिलेलं नाही. आई म्हणाली, “तिना कशाक लिवचा? भागी गेली खंय अजून? ती आपली होडयेतच बसलेली आसा.” आणि उठून भात लावायला गेली. मला वाटलं विषय संपला.

तो आज सोलणीत सुरू झाला. मी तिथे नव्हते, पण कोणी काय म्हटलं ते मला इतक्या जणींनी सांगितलं आहे की शंका राहिलेली नाही. सगळ्या सोलत होत्या. आईने चाकू सुपात ठेवला, मान वळवली आणि विचारलं, “लिंडा, तुझ्या भाच्याचा घर खयच्या माळ्यार?”

सगळे चाकू थांबले. म्हणे भाई बाहेरून धावत आले, काहीतरी बंद पडलं असं वाटून.

लिंडा मावशी आधी समोर बघत राहिली. मग म्हणाली, “सायबा! भिंत बोलली गो!” आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. ती रडते म्हणून आणखी दोघी रडल्या. आई म्हणाली, “रडतंस कशाक? माळो सांग.”

“तिसरो. लिफ्ट नाय. गुडघे सांभाळ.”

“माझे गुडघे माझ्याकडे आसत.”

रोझारियोकाकांनी संध्याकाळी बेकरीचा पोरगा पाठवून सियाला आवडणारी बिस्किटं दिली. आईने नमुना म्हणून एक खाल्लं आणि साखर जास्त आहे म्हणाली. मग स्वतः नारळ फोडून खोबऱ्याच्या वड्यांच्या तयारीला लागली. सध्या स्वयंपाकघरात मला प्रवेश नाही, म्हणून बाहेर बसून लिहिते आहे.

आम्ही येत्या रविवारी, तेवीस तारखेला येतो. सकाळच्या गाडीने पणजी आणि तिथून मडगाव. दुपारच्या जेवणाच्या आधी पोचू. लिंडा मावशीने बरोबर यायची तयारी दाखवली होती, आईने नाही म्हटलं. मलाही तिने वर यायचं नाही असं सांगितलं आहे. मी खाली उभी राहायचं, जिना ती एकटी चढणार. बेल वाजवणार नाही, कडी वाजवणार. तुमच्या दाराला कडी आहे की नाही हे मला माहीत नाही, नसेल तर ती दारावर हात मारेल. चढून दम लागलेला असेल, तेव्हा हात हळू पडेल. पंखा, टीव्ही वगैरे बंद ठेव.

आईने एक गोष्ट बजावून सांगितली आहे: ताईक आधी कळवू नको. आधी न कळवता गेलं की तू काय करतेस तेच तिला बघायचं आहे. मी हो म्हटलं नाही. मी नुसती मान हलवली, आणि ती कोणत्या दिशेला हलली याबद्दल आमचं एकमत नाही. तुमच्या दोघींच्या मध्ये नऊ वर्षं एकमेकींना काही न सांगण्याचं काम चाललं आहे. मला त्यात घेऊ नका. उद्या सकाळी हे स्पीड पोस्टने टाकते, म्हणजे गुरुवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. तुला रविवारी कुठे जायचं असेल तर जाऊ नकोस. आणि आम्ही यायला नको असेल तर शनिवारच्या आत फोन कर, मी तिला काय सांगायचं ते बघेन. तेवढं एक मी शिकून घेईन.

फोन आला नाही तर आम्ही निघतो.

एक अडचण राहते. मी खाली असणार आणि दार तिसऱ्या मजल्यावर. तिथे काय झालं ते आई मला सांगणार नाही, आणि तूही सांगशील असं आजवरच्या अनुभवावरून वाटत नाही. मला दिसणार काहीच नाही, फक्त जिन्यातून येईल तेवढं ऐकू येईल.

तेव्हा दार उघडल्यावर जे काय म्हणशील, ते मोठ्याने म्हण.

अनुजा